मोन्तेवेर्दे, दोता खोरे आणि क्वेट्झल: कोस्टा रिकाच्या ढगांतल्या जंगलात जायचे तर

रानवाटा

कोस्टा रिकाला जाणाऱ्या आपल्या बहुतेक मंडळींचा बेत ठरलेला असतो: आरेनाल ज्वालामुखी, एखादा समुद्रकिनारा आणि मध्ये कुठेतरी एक दिवस मोन्तेवेर्दे. त्या एका दिवशी नेमके धुके दाटते, क्वेट्झल (तिथला लांब पिसांचा हिरवा-लाल पक्षी) दिसत नाही आणि लोक जंगलातल्या झुलत्या पुलांवरून चालून परततात. मोन्तेवेर्देला किमान तीन रात्री काढाव्यात आणि जमल्यास राजधानी सान होसेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या दोता खोऱ्यात आणखी दोन, असे माझे ठाम मत आहे. त्या कशा काढायच्या यासाठी हा धागा.

आधी जागा समजून घेऊ. मोन्तेवेर्दे तिलारान डोंगररांगेत आहे. मुक्कामाचे गाव सांता एलेना. त्याची उंची साधारण आपल्या महाबळेश्वराइतकी (१३५३ मीटर). राखीव जंगल १५०० ते १८०० मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे कळसूबाईच्या (१६४६ मीटर) मागेपुढे. अक्षांश १० उत्तर, कोचीचाच. त्यामुळे वर्षभर सव्वापाच ते सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार रेंगाळत नाही.

ढग येतात कॅरिबियन बाजूने. ईशान्येचे व्यापारी वारे ओलावा घेऊन डोंगर चढतात, हवा थंड होते आणि माथ्यावरच ढग तयार होतो. सह्याद्रीच्या नेमके उलट: मोन्तेवेर्देत पूर्व उतार ओला आणि पश्चिमेचा, पॅसिफिकचा उतार पर्जन्यछायेत. राखीव जंगलात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस धरतात. महाबळेश्वरला ५००० मिमीच्या वर पडतो, तरी तिथे असे जंगल नाही. कारण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो आणि मग कोरडे आठ महिने. इथे डिसेंबर ते एप्रिल या 'कोरड्या' काळातही माथ्यावर धुके वाहत राहते. शेवाळ, नेचे, ऑर्किड आणि ब्रोमेलियाड (फांद्यांवर वाढणाऱ्या, अननसाच्या कुळातल्या वनस्पती) ते धुके अडवतात आणि थेंब थेंब खाली गाळतात. पाऊस नसतानाही झाडाखाली भिजायला होते ते यामुळे.

म्हणून 'कोरडा ऋतू आहे, रेनकोट नको' हा विचार सोडून द्या. डिसेंबर ते फेब्रुवारीत वारा इतका असतो की छत्री उलटते. टोपीसह जाकीटच हवे.

क्वेट्झलबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो.

रानवाटा

क्वेट्झल शोधायचा म्हणजे आधी झाड शोधायचे. हा पक्षी मुख्यतः लॉरेसी कुळातली फळे खातो. स्थानिक लोक त्या झाडांना 'आग्वाकातियो' म्हणतात, म्हणजे छोटा अवोकॅडो. दालचिनी आणि तमालपत्र याच कुळातली. पक्षी उडता उडता फळ तोडतो, आख्खे गिळतो, मग जवळच्या फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो आणि गर पचला की बी ओकून टाकतो. पायवाटेवर स्वच्छ, ओलसर, बोराच्या आठळीहून मोठ्या बिया विखुरलेल्या दिसल्या तर तिथेच थांबा. वीस-तीस मिनिटे स्थिर उभे राहण्याची तयारी हवी. बहुतेक लोक पाच मिनिटांत पुढे सरकतात आणि पक्षी त्यांच्या डोक्यावरच राहतो.

हंगाम: विणीचा काळ साधारण मार्च ते जून. नर-मादी कुजलेल्या, उभ्या वाळक्या खोडात ढोली करतात, म्हणूनच राखीव जंगलात वाळकी झाडे तोडत नाहीत. शेपटीसारखी दिसणारी नराची लांब पिसे पुष्कळदा ६० सेंमीच्या पुढे जातात आणि विणीनंतर गळतात. जुलैनंतर मोन्तेवेर्देचे क्वेट्झल फळांमागे आधी पॅसिफिक उतारावर खाली जातात आणि वर्षाच्या शेवटी पलीकडच्या कॅरिबियन उतारावर. ऑक्टोबरात मोन्तेवेर्देला जाऊन 'क्वेट्झल नाहीत' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. नुसता डोंगरमाथा राखून हा पक्षी टिकत नाही, खालचे उतारही राखावे लागतात, तेही याच कारणाने.

आणखी एक चूक. लोक लाल पोट शोधत बसतात, पण पक्षी धोका वाटला की पाठ तुमच्याकडे करतो. हिरव्या पाठीवरची चमक रंगद्रव्याची नाही, पिसांच्या रचनेतून येणारी आहे. सावलीत, ओल्या पानांत ती मिसळून जाते.

घाटमाथा

+१. आपल्याकडे आंबोलीत किंवा गोव्यात मोलेच्या जंगलात मलबार ट्रोगन पाहिलेल्यांना ही सवय लगेच ओळखू येईल. दोन्ही एकाच कुळातले. मलबार ट्रोगनही मधल्या थरातल्या फांदीवर ताठ बसतो आणि तपकिरी पाठ फिरवतो. शेंड्याकडे किंवा जमिनीकडे न बघता मधल्या थरावरून नजर सावकाश फिरवायची सवय असेल तर ती तिथे कामी येते.

आणि नुसता क्वेट्झल नको. मार्च ते जुलैत तीन गलमिशांचा बेलबर्ड मोन्तेवेर्देत असतो. नराच्या चोचीपाशी गांडुळांसारख्या तीन मिशा लोंबतात आणि आवाज घणाचा घाव पडावा तसा, अर्ध्या किलोमीटरवरूनही स्पष्ट ऐकू येतो. तो उंच झाडाच्या उघड्या, वाळक्या फांदीवरून ओरडतो, तेव्हा त्याच्यासाठी मात्र शेंडेच बघा.

मिलिंद_एडिसन

उपयुक्त धागा. आम्ही मार्चअखेर अमेरिकेतून नऊ दिवस जात आहोत, सोबत आई-बाबा (दोघेही सत्तरीच्या आसपास, चालतात पण चढ नको), दोघे शुद्ध शाकाहारी. तीन प्रश्न:
१) राखीव जंगले तीन-चार दिसतात, नेमके कुठले?
२) गाडी भाड्याने घ्यावी का?
३) खाण्याचे काय?

रानवाटा

पहिल्याचे उत्तर. नावे सारखी असल्याने लोक चुकीच्या ठिकाणचे तिकीट काढतात, म्हणून नीट लक्षात ठेवा.

मोन्तेवेर्दे राखीव (स्थापना १९७२, चालवते सेंत्रो सिएंतिफिको त्रोपिकाल ही संशोधन संस्था): सर्वांत प्रसिद्ध. 'ला व्हेंताना' हा सज्जा थेट पाणलोटाच्या दुभाजकावर आहे: एका बाजूचे पाणी कॅरिबियनला, दुसऱ्या बाजूचे पॅसिफिकला. तिथपर्यंत थोडा चढ आहे आणि वारा जबरदस्त. आई-बाबांसाठी 'सेंदेरो बोस्के नुबोसो'चा सुरुवातीचा भाग पुरे.

सांता एलेना राखीव: सुमारे ३१० हेक्टर, १९९२ पासून लोकांसाठी खुले. हे गावातल्या सरकारी शाळेकडे आहे आणि तिकिटाचे पैसे शिक्षणाला जातात. गर्दी कमी, पण चिखल आणि धुके जास्त.

कुरी-कांचा: आकाराने लहान, उंचीने थोडे खाली, मधून मधून जुनी कुरणे. त्यामुळे प्रकाश आणि मोकळी नजर मिळते. ज्येष्ठांसाठी आणि पहिल्यांदा पक्षी बघणाऱ्यांसाठी मी हेच आधी सुचवीन. वाटा सौम्य आहेत आणि मार्चमध्ये क्वेट्झलची शक्यता चांगली.

मुलांचे चिरंतन जंगल (बोस्के एतेर्नो दे लोस निन्योस): १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या शाळेच्या मुलांनी पैसे गोळा करायला सुरुवात केली, मग अनेक देशांतली मुले सामील झाली. आज २२,००० हेक्टरच्या वर जमीन आहे, देशातले सर्वांत मोठे खासगी राखीव क्षेत्र. बहुतेक भाग पर्यटकांसाठी बंद आहे आणि तो तसाच राहावा.

ही सर्व खासगी किंवा संस्थांची आहेत, राष्ट्रीय उद्याने नाहीत. राष्ट्रीय उद्यानांचे तिकीट 'सिनाक' या सरकारी खात्याच्या संकेतस्थळावरून निघते, ते इथे चालत नाही. दिवसाला किती लोक आत सोडायचे याची मर्यादा असते. मार्चमध्ये, विशेषतः ईस्टरच्या आठवड्यात, आधी आरक्षण कराच.

पहिल्या फेरीला वाटाड्या घ्या. परवानाधारक वाटाड्याकडे तिकाटण्यावरची दुर्बीण असते आणि कुठले आग्वाकातियो त्या आठवड्यात फळावर आहे हे त्याला ठाऊक असते. अडीच-तीन तासांची सकाळची फेरी पुरते. दुसऱ्या दिवशी तीच वाट स्वतः, सावकाश चाला.

निसरडी_वाट

गाडीबद्दल. सान होसेपासून सांता एलेना साधारण १४०-१५० किमी, पण साडेतीन ते चार तास धरा. सार्दिनालवरून येणारा ६०६ क्रमांकाचा रस्ता आता डांबरी आहे, त्यामुळे जुन्या लेखांत वाचलेले 'हाडं खिळखिळी करणारा रस्ता' हे वर्णन या बाजूला लागू नाही. तिलारानकडून आलात तर मात्र अजून खडी लागते. आरेनालच्या पायथ्याच्या ला फोर्तुनाहून येत असाल तर आरेनाल जलाशय बोटीने ओलांडून पुढे व्हॅन हा मार्ग ज्येष्ठांना बरा पडतो, तीन-चार तासांत पोहोचता.

भाड्याच्या गाडीत फसगत होते ती विम्यात. संकेतस्थळावर दिवसाला अगदी किरकोळ दर दिसतो, पण कोस्टा रिकात त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा आहे आणि तो काउंटरवर वाढतो. क्रेडिट कार्डाचा विमा गाडीचं नुकसान भरून देईल, त्रयस्थ विम्याची जागा घेणार नाही. आरक्षण करतानाच 'सक्तीच्या विम्यासह एकूण किती' हे लेखी मागा. नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर सहसा कुठलाच विमा भरून देत नाही.

अंधार पडल्यावर डोंगरात गाडी नको. धुकं, कठडा नसलेली वळणं, रस्त्यावर माणसं आणि गुरं. विमान दुपारी तीननंतर उतरत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळ काढा.

पत्त्यांबद्दल: तिथे बहुतेक ठिकाणी रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक वापरतच नाहीत. 'चर्चपासून २०० मीटर उत्तरेला, ५० मीटर पूर्वेला' असाच पत्ता असतो. त्यात १०० मीटर म्हणजे एक चौक, मोजलेलं अंतर नव्हे. हॉटेलकडून नकाशावरचा बिंदूच मागून घ्या.

शुभदा_के

शाकाहाराची काळजी नको, पण प्रश्न नेमका विचारावा लागतो.

नाश्त्याला 'गायो पिंतो': आदल्या दिवशीचा भात आणि काळा घेवडा एकत्र परतलेला, कांदा, ढोबळी मिरची, कोथिंबीर आणि वरून लिझानो नावाचं तपकिरी सॉस. दुपारी 'कासादो': भात, घेवडा, कोशिंबीर, परतलेलं पिकलं राजेळीसारखं केळं आणि मांसाचा तुकडा. 'कासादो वेखेतारियानो' म्हटलं की मांसाऐवजी अंडं, चीज किंवा भाजी येते. अंडंही नको असेल तर 'सिन उएवो' स्पष्ट सांगा.

अडचण दोन ठिकाणी. घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो, म्हणून विचारा: 'लोस फ्रिखोलेस येव्हान मान्तेका दे सेर्दो?' आणि 'कार्ने' म्हणजे तिथल्या बोलण्यात बहुधा गोमांस. नुसतं 'सिन कार्ने' म्हटलं तर कोंबडी येऊ शकते. पूर्ण वाक्य असं: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन' (मांस, कोंबडी, मासे, हॅम काही नको). 'पिकादियो' ही बारीक चिरलेली भाजी दिसायला निर्धोक, पण तिच्यात खिमा घालायची पद्धत आहे. नाताळातले केळीच्या पानातले तामाल बहुधा डुकराच्या मांसाचेच असतात.

एक गोष्ट आई-बाबांना नक्की आवडेल: 'आग्वा दुल्से'. गरम पाण्यात किंवा दुधात विरघळवलेला गूळ. गुळाच्या ढेपेला 'तापा दे दुल्से' म्हणतात आणि गुऱ्हाळाला 'त्रापिचे'. मोन्तेवेर्देच्या कॉफी-ऊस फेरीत बैलावर चालणारा चरक, काहिली आणि काकवी सगळं दाखवतात. कोल्हापूरकडच्या माणसाला दुभाषा लागत नाही.

भाषा: तिथे लहान मुलालासुद्धा 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही' म्हणतात. आभार मानले की 'दे नादा' ऐवजी 'कोन मुचो गुस्तो' (मोठ्या आनंदाने) ऐकू येतं. तेवढं शिकून गेलात तर माणसं मोकळी होतात.

टिपकागद

कॅमेऱ्याबद्दल नेमके. जंगलात प्रकाश फार कमी. ४०० मिमी भिंग, एफ ५.६, शटर १/२५० ते १/५००, आयएसओ १६०० ते ६४००. पक्षी पांढऱ्या धुक्यासमोर असेल तर कॅमेरा फसतो आणि पक्षी काळा येतो, त्यासाठी एक्स्पोजर +१ ते +१.७ द्या. फ्लॅश नको, घरट्याजवळ तर अजिबात नको. मोबाइलवरून पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवणे विणीच्या काळात घातक: नर ढोली सोडून बाहेर येतो आणि तेवढ्यात अंडी-पिल्ले टूकनच्या तोंडी पडू शकतात.

ओलाव्याने भिंगाला बुरशी धरते. हवाबंद पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या, रात्री कॅमेरा त्यात. वातानुकूलित गाडीतून एकदम बाहेर काढलात तर काचेवर दव धरेल, म्हणून दहा मिनिटे पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या.

दुर्बीण ८×४२. दहापटीची दुर्बीण वाऱ्यात हलते आणि धुक्यात अंधारी पडते. भारतातून जाणाऱ्यांसाठी: वीज १२० व्होल्ट, दोन चपट्या पिनांचा प्लग. चार्जर चालतात, पाणी तापवायची कांडी नाही.

दवबिंदू

रात्रीच्या फेरीबद्दल कोणी लिहिलं नाही. संध्याकाळी पावणेसहा-सहाला सुरू होते, दोन तास. दोन बोटांचा स्लॉथ, किंकाजू (झाडांवर राहणारा छोटा निशाचर सस्तन प्राणी), झोपलेले पक्षी, बिळाच्या तोंडाशी बसलेला टॅरँटुला आणि हिरवा पाम पिट व्हायपर (स्थानिक नाव 'लोरा', म्हणजे पोपट) दिसण्याची शक्यता. हा साप आपल्या घाटातल्या बांबू चापड्यासारखाच फांदीवर वेटोळं करून बसतो, म्हणून कठड्याला किंवा वेलीला न बघता हात लावायचा नाही. जमिनीवरचा तेर्सिओपेलो अधिक धोकादायक, पण तो मुख्यतः खालच्या, उष्ण उतारांवर. चावा झालाच तर चिरा, आवळपट्टी, बर्फ काही नको. हात-पाय स्थिर ठेवून ९११ ला फोन. प्रतिविष देशातच, कोस्टा रिका विद्यापीठाच्या क्लोदोमिरो पिकादो संस्थेत बनतं.

बेडूक बघताना बूट आधी धुतलेले असावेत. कारण गंभीर आहे. मोन्तेवेर्देच्या माथ्यावरच्या अगदी लहान टापूत सोनेरी भेक राहत असे. जगात दुसरीकडे कुठेच नाही. नर तेजस्वी नारिंगी, जेमतेम पाच सेंमी. १९८७ च्या विणीत दीड हजारांहून अधिक दिसले. १९८९ मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर एकही नाही. २००४ मध्ये तो नामशेष घोषित झाला. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड बुरशी आणि त्या वर्षांतला एल निन्योचा कोरडेपणा ही कारणं सांगितली जातात. कुठल्याचा वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहे. ही बुरशी पाण्यातून आणि ओल्या चिखलातून पसरू शकते. एका जंगलातला चिखल दुसऱ्या जंगलात नेऊ नका, आणि कीटकनाशक मलम लावलेल्या हाताने बेडूक उचलणं तर सोडाच.

घाटमाथा

दवबिंदू, हे लिहिलंत ते बरं केलंत.

जंगल वाचलं कसं हेही इथे यायला हवं. कोस्टा रिकाने १ डिसेंबर १९४८ ला सैन्य बरखास्त केलं. त्याच सुमारास अमेरिकेतल्या अलाबामात क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाच्या काही तरुणांनी सैन्यभरतीच्या नोंदणीला नकार दिला आणि तुरुंगवास भोगला. सैन्य नसलेला देश म्हणून ती कुटुंबं इथे आली आणि १९५१ मध्ये मोन्तेवेर्देला वसली. घाटाच्या रस्त्याने दूध खाली नेईपर्यंत नासायचं, म्हणून चीज करायला लागले. कारखाना १९५३ चा. त्यांनी घेतलेल्या जमिनीतला वरचा सुमारे ५५४ हेक्टरचा भाग मात्र तोडला नाही, कारण गावाचं पाणी तिथून येत होतं. पुढे राखीव जंगलाचा गाभा तोच झाला. आपल्या देवराया देवाच्या नावाने राखलेल्या, तरी झऱ्याचा उगम बहुधा त्यांच्यातच सापडतो. हेतू वेगळा, पण पाण्यासाठी माथा राखायचं शहाणपण एकच.

आणि १९९६ च्या वन कायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देऊ लागलं. त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. १९८० च्या दशकात एक चतुर्थांशाच्या आसपास उरलेलं वनाच्छादन आज निम्म्यावर आहे.

मिलिंद_एडिसन

सर्वांचे आभार. दोता खोरे आई-बाबांना झेपेल का? आणि मोन्तेवेर्देतल्या त्या पोकळ झाडाबद्दल ऐकले आहे, ते काय?

रानवाटा

दोता झेपेल, पण उंचीचा विचार करा. सान होसे ११५० मीटरवर. तिथून २ क्रमांकाच्या महामार्गाने सेर्रो दे ला मुएर्ते या डोंगराच्या दिशेने जाताना दीड-दोन तासांत तुम्ही ३००० मीटरच्या आसपास पोहोचता. ८० व्या किलोमीटरला वळून सुमारे नऊ किमीचा तीव्र उतार, मग सान हेरार्दो दे दोता, साधारण २२०० मीटर. उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा. नुसत्या ब्रेकवर आलात तर ब्रेक तापून निकामी होतात. महामार्गावर दुपारनंतर धुके दाटते, म्हणून सकाळी दहाच्या आत पार करा. सप्टेंबर ते नोव्हेंबर दरडी. रात्री पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा ज्येष्ठांना लोकरीचे कपडे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना उंची सांगून विचारा.

तिथले जंगल वेगळे आहे: उंच ओक वृक्ष, त्यांवर शेवाळाच्या झालरी. क्वेट्झल बरेचदा शेताच्या बांधावरच्या आग्वाकातियोवर येतो. शेतकऱ्यांनी ही झाडे राखली, काहींनी नवी लावली, आणि बघायला येणाऱ्यांकडून ते थोडे शुल्क घेतात. पहाटे साडेपाचला पोहोचा. रस्त्याच्या कडेलाच उभे राहायचे असते, चढ नाही, म्हणून आई-बाबांसाठी मोन्तेवेर्देपेक्षाही हे सोपे.

पलीकडचा तार्रासू हा कॉफीचा प्रदेश. तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तोडणीला पनामातून आणि दक्षिण सीमेकडून न्गाबे आदिवासी कुटुंबे येतात. स्त्रियांचे लांब झगे, कडेला त्रिकोणी नक्षी, त्यावरून ओळखू येतात. मजुरी 'काहुएला'वर: साधारण २० लिटरचे माप, भरले की पैसे. मळ्यात काम करणाऱ्यांचे फोटो न विचारता काढू नका.

पोकळ झाड म्हणजे गळा आवळणारा अंजीरवर्गीय वृक्ष. बी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजते, मुळे खाली येऊन यजमानाला वेढतात, यजमान मरून कुजतो आणि आत पोकळ जाळी उरते. आपला वड ताडावर रुजतो तसेच. फळात शिरून परागण करणाऱ्या माश्या म्हणजे आपली उंबरातली केंबरेच. या जाळीत चढायला लोक रांगा लावतात. तसे करू नये: मुळांची साल सोलली जाते आणि आत वटवाघळे असतात.

निसरडी_वाट

दोन गोष्टी राहिल्या.

जोरात वारा असेल तेव्हा राखीव जंगल काही वाटा बंद करतं. हुज्जत घालू नका. ओलं शेवाळ आणि पाण्याने भरलेली ब्रोमेलियाड यांचं वजन फांदीला पेलत नाही, आणि अशी फांदी मोडून वाटेवर येते.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो, पण अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर वेगळा व्हिसा सहसा लागत नाही. वैधतेच्या अटी बदलतात, तेव्हा निघण्याआधी दूतावासाच्या पानावर तपासा. कोलंबिया, ब्राझील किंवा पेरूमार्गे आलात तर पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागू शकतात. लस किमान दहा दिवस आधीची हवी.

मिलिंद_एडिसन

नोंदवले. बूट कुठले घ्यावेत?

निसरडी_वाट

मुख्य वाटांना खडी किंवा जाळीचे ठोकळे आहेत, तिथे घोट्यापर्यंतचे ट्रेकिंग बूट पुरेत. सांता एलेना राखीव आणि पावसानंतरच्या कुठल्याही वाटेसाठी गुडघ्याखालपर्यंतचे रबरी बूट, 'बोतास दे उले'. तिथले शेतकरी तेच घालतात. अमेरिकेतून न्यायची गरज नाही, बऱ्याच ठिकाणी भाड्याने मिळतात. फक्त लांब मोजे दोन जोड जास्त न्या, आणि सुती नकोत: त्या हवेत सुती मोजा दोन दिवस वाळत नाही.